रुसायला जागा

धारवाडात मी अर्धा किलो पेढे घेतले. सौ. एक किलो म्हणाली होती. हुबळीचा बायपास लागेपर्यंत या अर्ध्या किलोचं भांडण झालं आणि तुमकूर येईपर्यंत ते टिकलं. मधलं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्या साऱ्या अंतरात ती एक अक्षर बोलली नाही. मांडीवरचा पेढ्यांचा पुडा मात्र अधूनमधून कुरकुरत होता. तो दर वेळी एकेरी कुरकुरत होता, म्हणजे माझा पेढा निघत नव्हता.

आमची गाडी लहान. आडनावानं पाच सीटांची, वागायला अडीच. गिअर बदलताना माझ्या बोटांची पेरं तिच्या गुडघ्याला लागत. एरवी पस्तीस वर्षांच्या संसारात ते लक्षातही येत नाही, पण अबोल्यात गिअर बदलणं म्हणजे सरहद्द ओलांडणं. ती गुडघा दाराकडे ओढून घ्यायची, मी पुढचा चढ शक्यतो चौथ्यातच काढायचो. चित्रदुर्गाजवळ इंजिन ठोके देऊ लागलं, तेव्हाही आम्ही दोघं समोर बघत होतो. रुसलेल्या माणसाला खरं तर एक भिंत लागते, तिच्याकडे तोंड करून बसायला. आमच्या गाडीत भिंतीच्या जागी काच होती आणि काचेत मी दिसत होतो.

त्या रात्री बेंगळुरूच्या लॉजवर, पेढे संपल्यावर, ती म्हणाली, "अहो, काश्मीरला जायचं तर गाडी मोठी घ्या."

"अगं, आपण दोघंच तर आहोत."

"म्हणूनच. चौघं असतो तर चाललं असतं. रुसायला जागा पाहिजे."

मी पाटबंधारे खात्यात उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. माती, खडी, पाणी, गाळ यांच्या मापांचे तक्ते मला झोपेत पाठ. रुसण्याचं एकक मात्र खात्याच्या दरसूचीत कुठं नाही. तरी सांगलीला परतल्यावर मी वही घेतली, पहिल्या पानावर 'मोठी गाडी : अंदाजपत्रक' असं लिहिलं आणि टेप काढला.

बेत असा होता. त्या पेढ्यांच्या फेरीत कन्याकुमारी तर गाठून झाली होती. आता श्रीनगर, तिथून हिमाचल, मग पूर्वेला आसामपर्यंत, आणि ओडिशावरून घरी. सहा महिने, सुमारे वीस हजार किलोमीटर. लॉजवर राहायचं नाही, गाडीतच झोपायचं, गाडीतच शिजवायचं. हे शेवटचं तिनं जाहीर केलं, कारण चंदीगडच्या पुढे सकाळी पोहे मिळत नाहीत अशी तिची पक्की माहिती आहे.

पहिली पाहिली ती ओम्नी. १९८४ पासून २०१९ पर्यंत ही गाडी देशभर धावली. तिच्यातून शाळेत गेलेली मुलं आज स्वतः कर्ज काढून मोठ्या गाड्या घेतात. हिंदी सिनेमातल्या गुंडांनी मात्र तिची पुरती बदनामी केली. सरकतं दार उघडलं की आतून तोंडावर रुमाल येणारच, अशी एका पिढीची समजूत. लांबी अकरा फूट. मागचं सीट काढलं तर दोन माणसं तिरकी झोपू शकतात, पण मग स्वयंपाक त्यांच्या अंगावर करावा लागतो. सौ. आत जाऊन बसली, सरकतं दार ओढून घेतलं, मिनिटभर थांबली आणि बाहेर आली.

"तुमच्या श्वासाचा आवाज येतो," एवढंच म्हणाली. मी गाडीबाहेर उभा होतो.

दुसरा पर्याय मेहुण्याच्या डोक्यातून आला : छोटा हत्ती घ्यायचा आणि मागे बॉक्स बांधायचा. रुसण्याच्या दृष्टीनं याच्यासारखी योजना नाही. मागची खोली वेगळी, केबिन वेगळी, मध्ये दोन पत्रे. पण मालवाहू गाडीच्या हौद्यात माणूस बसवून चालत नाही. म्हणजे रुसायचं असेल तर गाडी थांबवून रुसायचं आणि वीस हजार किलोमीटर पुरे करायला तीन वर्षं घ्यायची. शिवाय मेहुण्याच्या तोंडून 'तू मागे बस' हे ज्या सुरात आलं, त्यानं दोन दिवस तो आमच्याकडे जेवायला आला नाही.

इथं एक आडवळण घेतो. आपण ज्याला सरसकट 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द मुळात हॅम्बर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या गाडीचं नाव. १९५८ साली फिरोदियांनी त्या कारखान्याशी हातमिळवणी करून बजाज टेम्पो काढली, तिची तीनचाकी गावोगाव पोचली आणि नाव भाषेत मुरलं. आता कुठल्याही कंपनीची गाडी भाजी घेऊन आली की टेम्पो आला. हे मी सौ.ला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जर्मन माणसं रुसत नसतील." ती मराठीची शिक्षिका. व्युत्पत्तीनं तिचं समाधान होत नाही, तिला अर्थ लागतो.

त्याच घराण्यातली ट्रॅव्हलर पाहायला आम्ही मिरज रोडवरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. जुन्या गाड्या घेऊन, आतून खोलून, पुन्हा बांधून देणारा माणूस. त्यानं गाडीच्या अंगावर थाप मारली.

"साहेब, बॉडी एक नंबर हाय. डॉक्टरची गाडी."

"सतरा सीटांची गाडी डॉक्टर काय करत होता?"

"डॉक्टरच्या मेव्हण्याची हो. घरचीच की."

ट्रॅव्हलर आकड्यांनी ओळखली जाते. ३०५०, ३३५०, ३७००, ४०२० हे तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मला हे आवडलं. नावाऐवजी माप लावणारी माणसं सरळ असतात. ३३५० ची लांबी साडेसतरा फुटांच्या आसपास, रुंदी सव्वासहा. उंच छपराच्या गाडीत मी ताठ उभा राहिलो आणि निवृत्तीनंतर प्रथमच मला अधिकारपदावर असल्यासारखं वाटलं. मग टेप लावला. बाहेरून सव्वासहा फूट, पण पत्रा, थर्माकोल, प्लाय असं सगळं लावल्यावर आत उरतात ५ फूट ७ इंच. माझी उंची ५ फूट ९. आडवी गादी टाकली तर मी दोन इंचांनी गाडीबाहेर. सौ. ५ फूट १, ती आडवी मजेत मावते.

"मग तुम्ही उभे झोपा," ती म्हणाली. तिला उभी-आडवी या अर्थानं म्हणायचं असावं, अशी मी समजूत करून घेतली.

परवान्याची धास्ती होती. तीही गेली. साडेसात हजार किलोच्या आतली गाडी हलकी, आणि हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्यानं त्या वजनाचं वाहतुकीचं वाहन चालवायला हरकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२४ च्या नोव्हेंबरात सांगितलं आहे. म्हणजे माझ्यावर देशाचा भरवसा आहे. सौ.चा अजून बसायचा होता, कारण आमच्या बोळाचं तोंड नऊ फूट आहे आणि त्यातला दीड फूट शेजाऱ्यांच्या जिन्यानं घेतला आहे.

आता खरं संकट सुरू झालं : आत काय काय ठेवायचं. लहान गाडीत हा प्रश्नच नव्हता. मोठी गाडी घेणार म्हटल्याबरोबर घरातली प्रत्येक वस्तू हात वर करून उभी राहिली. पाटा-वरवंटा हवा. (मी तो यादीतून वगळला, तिनं माझी पुस्तकं वगळली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही परत आले.) देवांचा छोटा देव्हारा. शिलाई मशीनचं नाव दोन दिवस निघालं आणि माझं तोंड बघून विरलं.

पाण्याच्या बाबतीत मी खात्यातला माणूस. ती म्हणाली दोनशे लिटरची टाकी. मी म्हटलं, एक लिटर म्हणजे एक किलो, दोनशे लिटर म्हणजे गाडीत दोघांऐवजी पाच माणसं, आणि त्यातली तीन सतत हलणारी. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला बाहेर ओढते. पाणी एका अंगाला धावतं, तिथं आपटतं आणि मग परत येतं. म्हणून टाकीत आडवे पडदे लावतात. धरणाच्या भिंतीवर लाटा आपटतात, त्याचीच ही धाकटी आवृत्ती. हे मी अर्धा तास आकृती काढून समजावलं. शेवटी ऐंशी लिटरवर तह झाला. लग्नानंतर माझ्या ज्ञानाचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

विजेत मात्र मी हरलो. दीडशे अँपिअर-तासाची, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण तिला निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य उतरतं. म्हणजे हाती नऊशे. त्यातून इन्व्हर्टर आपलं कमिशन कापून घेणार. मिक्सर साडेसातशे वॅटचा : पाच मिनिटं चटणी वाटली तर साठ-बासष्ट वॅट-तास, हे परवडतं. पण दीड हजार वॅटची इंडक्शन शेगडी लावली तर पस्तीस मिनिटांत बॅटरी बसली. मी विजयानं म्हटलं, "म्हणजे पुरण शिजेल, पण पोळ्या भाजायला वीज नाही." ती म्हणाली, "मग पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या आणि हे गणित मुलांच्या वहीत ठेवा." पस्तीस मिनिटांचं काम तिनं एका वाक्यात केलं.

संडासाविषयी थोडक्यात. विदेशातल्या कॅराव्हॅनमध्ये तो असतो आणि त्याची टाकी रिकामी करायला जागोजाग सोयी असतात. आपल्याकडे ती सोय शोधत फिरण्यातच काश्मीर राहून जाईल. पण तिथवर चर्चा पोचलीच नाही. "माझ्या ओट्यापासून तीन फुटांवर?" एवढा एकच प्रश्न तिनं विचारला आणि वहीतलं ते पान स्वतः फाडलं. पेट्रोलपंप, धर्मशाळा, गुरुद्वारे यांच्यावर हा विषय सोपवला आहे.

एका मित्रानं सुचवलं, विकत कशाला, भाड्यानं घ्या. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं आहे. दोन दिवसांसाठी ठीक आहे. पण भाड्याच्या घरात मोकळेपणानं भांडता येत नाही, हे आमच्या पिढीला कुणी सांगायला नको.

या सगळ्यात सौ.नं एक दिवस गोडसे भटजी काढले. 'माझा प्रवास' ती पंचवीस वर्षं वर्गात सांगत आली. १८५७ साली वरसईहून विष्णुभट गोडसे पायी निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशी पाहिली आणि येताना आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आले. मला वाटलं, आता अपरिग्रहावर व्याख्यान, म्हणजे मोठ्या गाडीचा खर्च वाचला. पण ती म्हणाली, "बघा, त्यांचं बरं होतं. बरोबर काका होते. काकांशी बिनसलं की चार पावलं मागं राहायचं. पायी प्रवासात रुसायला अख्खा हिंदुस्थान मोकळा."

ट्रॅव्हलरचा भाव जमला नाही. दोनदा तुटला, एकदा जुळत आला आणि डॉक्टरचा मेव्हणा अचानक अस्तित्वात आला. मग एके संध्याकाळी मिस्त्रीचा फोन. "साहेब, एक आयटम आलाय. काकूंना घेऊन या. नाय म्हणू नका बगितल्याबिगर."

मिरज हे सतारींचं आणि दवाखान्यांचं गाव. आता आलेला आयटम सतार नव्हती हे उघड होतं. पांढरी, उंच छपराची, आठ वर्षांची, कमी पळालेली रुग्णवाहिका. एका छोट्या दवाखान्यानं काढून टाकलेली. छपरावरचा दिवा उतरवला होता. बॉनेटवरची उलटी अक्षरं खरवडली होती, पण उन्हात तिरकं पाहिलं की अजून दिसत. मी दोन पावलं मागं सरलो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी माणूस असल्या गाडीत आपणहून चढत नाही.

सौ. चढली. मी बाहेरून ऐकत होतो.

"अहो, दोन्ही अंगांना बाकं आहेत. खाली कप्पे. आणि हे काय, हुक?"

"सलाईनचा, काकू," मिस्त्री म्हणाला. "काढून टाकतो."

"काढाल तर खबरदार. चक्का टांगायला बरा आहे."

ऑक्सिजनच्या सिलिंडरची दोन कडी होती, त्यांत तांदळाचा आणि गव्हाच्या पिठाचा डबा बसेल असं तिनं मापलं. हातानं मापलं, टेपनं नाही. मग ती पुढच्या बाजूला गेली. चालकाची केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये अख्खी भिंत, भिंतीत वीतभर सरकती खिडकी, खिडकीशेजारी एक बटण. तिनं ते दाबलं. पुढं चालकाच्या कानाशी 'टर्र' वाजलं.

"पेशंटला काय लागलं तर डायवरला कळाय पायजे न्हवं," मिस्त्रीनं खुलासा केला.

तिनं खिडकी सरकवून बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी याआधी एकदाच पाहिलं होतं : विश्रामबागेतल्या घराचं स्वयंपाकघर प्रथम दाखवलं तेव्हा.

कागदपत्रांना साडेचार महिने गेले. मूळ नोंदणीत गाडी जी आहे ती बदलायची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आधी मंजुरी, मग बदल, मग तपासणी, मग नोंद. उलटा क्रम लावणारे लोक फार, आणि नंतर विमा कंपनीच्या दारात बसणारेही तेच. मी सरकारी माणूस, मी क्रम पाळला. पासिंगच्या दिवशी निरीक्षकांनी आत डोकावून पाहिलं, बाकं पाहिली, ओटा पाहिला, आग विझवायचं नळकांडं पाहिलं. मग बोट वर केलं.

"हा हुक कशासाठी?"

"श्रीखंडासाठी," सौ. म्हणाली.

त्यांनी बराच वेळ आमच्याकडे पाहिलं आणि सही केली.

गाडी घरी आली ती रात्री नऊ वाजता. बोळात शिरताना आरसे मिटले, शेजाऱ्यांच्या जिन्याला नमस्कार केला आणि दारात लावली. एक रात्र गाडीत झोपून पाहायचं ठरलं होतं, म्हणून आम्ही उशा-पांघरुणं नेली, आतला दिवा लावला आणि दार लावून घेतलं. बाहेरून दिसलं ते असं : दोन ज्येष्ठ नागरिकांच्या दारात रात्रीच्या वेळी रुग्णवाहिका, आत मंद उजेड, घराला कुलूप.

दहा मिनिटांत समोरचे काका आले. त्यांच्यामागं त्यांची सून, हातात थर्मास. मी दार उघडून बाहेर आलो, तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्या खांद्यावरून आत गेल्या. म्हणजे तीच आहे, असं ठरलं. "वहिनींना कधीपासून त्रास होतोय?" मी म्हटलं, पस्तीस वर्षांपासून. ते वाक्य आतून ऐकलं गेलं. तोवर कुणीतरी कोल्हापूरच्या माझ्या मेहुणीला फोन केला होता, मेहुणीनं पुण्याच्या मुलाला, मुलानं मला. आणि मी फोन उचलून "अरे, आम्ही गाडीत झोपलोय" म्हटल्यावर तो दुप्पट घाबरला. सकाळपर्यंत चार शहाळी, एक किलो सफरचंदं आणि गणपतीचा अंगारा जमा झाला. शहाळी गाडीच्या कप्प्यात नीट मावतात, ही माहिती त्यातून मिळाली.

काश्मीरच्या आधी चाचणी म्हणून रत्नागिरी ठरली. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा. निघण्यापूर्वी घंटीचा कायदा ठरला : एकदा वाजली तर चहा, दोनदा म्हणजे थांबा, तीनदा म्हणजे हळू घ्या. चौथं काही लागणार नाही असं मला वाटलं होतं.

मलकापुरात मी डिझेल भरलं आणि सहज म्हणालो, की ही गाडी लिटरला दहा देते, जुनी वीस द्यायची, म्हणजे वीस हजार किलोमीटरला हजार लिटर जास्त. नव्वदच्या भावानं नव्वद हजार रुपये. एवढ्या पैशात दोन माणसांना किती किलो धारवाडी पेढे आले असते, हे मी बोलायला नको होतं. ती उतरली, मागं गेली, वीतभर खिडकी सरकवली आणि कडी लावली.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर मागून 'टर्र टर्र टर्र'. मी वेग कमी केला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तीनदा. मी आरशात पाहिलं, आरशात पांढरी भिंत. तिच्या बाजूनं अबोला कडकडीत होता, पण आंबा घाटातलं एकही वळण तिनं घंटीवाचून जाऊ दिलं नाही. समोरून येणारे ट्रक उगाच बाजूला होत होते. बॉनेटवर ऊन पडलं होतं, खरवडलेली अक्षरं त्यांना दिसत असावीत. एका एसटीच्या चालकानं कपाळाला हात लावला.

घाट उतरून रस्ता सरळ झाला आणि घंटी थांबली. तीन किलोमीटर काहीच नाही. चार किलोमीटर. मी एक खड्डा मुद्दाम घेतला. तरी काही नाही.

साखरप्याच्या अलीकडे ती वाजली. एकदाच.

टपरीपाशी गाडी लावली, उतरलो आणि दोन चहा सांगितले. टपरीवाल्यानं भांड्यात साखर टाकायला चमचा उचलला, गाडीच्या मागच्या दाराकडे पाहिलं आणि हात तसाच धरून आवाज हळू केला.

"काका, पेशंटला बिनसाखरेचा का?"

"नको," मी म्हटलं. "तिला दोन चमचे जास्त घाल."